विमान ‘कोसळलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जून २०२५ मधल्या अहमदाबादच्या विमान अपघातानंतर या सदराकडं येणाऱ्या पत्रांत विमानाच्या बातम्यांविषयीचे प्रश्न वाढत गेले. सांगली-सातारा भागातून आलेली काही पत्रं थोडक्यात देऊन त्यांची उत्तरं इथं देत आहोत. उत्तरं विमानोड्डाण आणि विमान-देखभालीचं काम जाणणाऱ्यांनी लिहिली आहेत.

प्रश्न : आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, व्यवसाय आहे. मालक आणि धाकटे दीर महिन्यातून दोनदा तरी विमानानं जातात-येतात. ‘विमान २६ हजार फूट कोसळलं, प्रवाशांनी मृत्युपत्रं लिहिली’ ही बातमी पाहिल्यापासून त्यांचं विमान उतरल्याचा फोन येईपर्यंत घशाखाली घास उतरत नाही. एवढं कोसळूनही विमान वाचतं कसं? (एक गृहिणी, विटा)

ताई, ते विमान कोसळलंच नव्हतं. वैमानिकांनी ते मुद्दाम, ठरलेल्या पद्धतीनं खाली आणलं होतं. घटना ३० जून २०२५ ची. शांघायहून टोकियोला निघालेलं बोइंग ७३७ जातीचं विमान, आत १९१ माणसं. सुमारे ३६ हजार फुटांवर असताना केबिनमधल्या हवेच्या दाबाबद्दल इशारा आला. वैमानिकांनी विमान साडेदहा हजार फुटांपर्यंत उतरवलं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावर नेलं. कुणालाही इजा झाली नाही.

आता बातमीतलाच आकडा घेऊन हिशेब करा. एवढं उतरायला सुमारे दहा मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला २,६०० फूट. रोजचं विमान पुण्याला उतरायला लागतं तेव्हाही ते मिनिटाला दीड ते अडीच हजार फूट खाली येत असतं. दगडासारखं पडलं असतं तर मिनिटभरात सगळं संपलं असतं. ‘२६ हजार फूट’ मोठ्या अक्षरांत आले, ‘दहा मिनिटं’ मात्र मथळ्यात आली नाहीत.

‘सांगलीला महापुराचा विळखा’ अशी पट्टी टीव्हीवर फिरायला लागली की आपल्याकडचा माणूस काय विचारतो? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट, आणि कोयना धरणातून विसर्ग किती. चाळीस फूट इशारा पातळी आणि पंचेचाळीस धोका पातळी हे त्याला पाठ असतं. त्यावरून दुकानातला माल वर चढवायचा की नाही ते तो ठरवतो. विमानाच्या बातमीलाही तसंच विचारायचं: किती फूट, किती वेळात, आणि त्या वेळी विमान वैमानिकाच्या ताब्यात होतं का?

उतरण्याची घाई का असते ते सांगतो. विमान ३६ हजार फुटांवर असलं तरी केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी दाट ठेवलेली असते. महाबळेश्वरपेक्षा विरळ, साधारण सिमल्यासारखी. बाहेरची हवा दाबून आत घेतली जाते आणि मागच्या बाजूच्या झडपेतून मोजून बाहेर सोडली जाते. झडप अडकली, दाराचं सील गळायला लागलं किंवा हवा पुरवणारी यंत्रणा बंद पडली की दाब घटतो. केबिनमधला दाब १४ हजार फुटांवरच्या हवेइतका कमी झाला की डोक्यावरची झाकणं उघडून मास्क खाली लोंबकळतात. त्यातला ऑक्सिजन बऱ्याच विमानांत बारा-पंधरा मिनिटंच पुरतो, कारण तेवढ्या वेळात वैमानिकानं दहा हजार फुटांवर यायचंच असतं. तिथं मास्कशिवाय श्वास घेता येतो. लेह त्याहून उंच, साडेअकरा हजार फुटांवर आहे आणि तिथं माणसं राहतात. म्हणून विमानाचं नाक खाली जातं, पंखांवरचे पत्रे उभे होतात, सगळं थरथरतं, कान दुखतात. हे सगळं त्या पद्धतीचाच भाग आहे.

मृत्युपत्रांच्या गोष्टीत जे कळायला हवं होतं ते राहूनच गेलं. ते घरच्यांना सांगून ठेवा. मास्क आला की आपल्याकडं जोरात ओढायचा, ओढल्यावरच ऑक्सिजन सुरू होतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकायचं. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, मास्क काढायचा नाही. ३५ हजार फुटांवर मास्कशिवाय माणसाचं डोकं धड चालतं ते अर्धा ते एक मिनिट, म्हणून आधी स्वतःचा मास्क आणि मग लेकराचा. बऱ्याच विमानांत हा ऑक्सिजन रासायनिक क्रियेनं तयार होतो. त्यामुळं वरचा भाग तापतो आणि जळाल्यासारखा वास येतो. आग लागली असं वाटून लोक मास्क सोडतात. तो वास यंत्र चालू असल्याचा आहे.

प्रश्न : आमची मुलगी सिंगापूरला असते. मे २०२४ मध्ये तिकडचं एक विमान ६ हजार फूट कोसळलं आणि एक प्रवासी दगावला. तिथं तर माणूस गेला. मग ती बातमी खोटी कशी म्हणायची? (निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

मृत्यू खरा होता, जखमीही बरेच होते. सहा हजार फूट मात्र खरे नव्हते.

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं बोइंग ७७७ म्यानमारवर असताना अतिशय जोराच्या हवाई खळबळीत सापडलं. इंटरनेटवर विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या नकाशात ते ३७ हजारांवरून ३१ हजार फुटांवर आलेलं दिसलं आणि मथळे तयार झाले. सिंगापूरच्या तपास यंत्रणेनं आठवडाभरात विमानातल्या नोंदी जाहीर केल्या. त्यांत दिसलं ते असं: विमान ३७,३६२ फुटांवरून ३७,१८४ फुटांवर आलं. फरक १७८ फुटांचा, वेळ ४.६ सेकंद. सहा हजार फुटांचं उतरणं त्यानंतर सुमारे सतरा मिनिटांनी, बँकॉकला जाण्यासाठी, शांतपणे झालं.

आता १७८ फुटांत एवढी माणसं जखमी कशी झाली, हा खरा प्रश्न आहे. आणि सहा हजारांच्या मथळ्यानं नेमका हाच प्रश्न झाकला. विमानातल्या माणसांवरचा भार ०.६ सेकंदात अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेला (एक जी म्हणजे जमिनीवर उभं असताना जाणवतो तेवढा भार). उणे म्हणजे विमान खाली जातं आणि पट्टा न लावलेला माणूस जागेवरून उचलला जाऊन छतावर आदळतो. पुढच्या चार सेकंदांत भार उलटला आणि वर गेलेली माणसं खाली आपटली. पट्ट्याचा दिवा लावल्याचं वैमानिकांनी म्हटलं ते याच्या फक्त आठ सेकंद आधी. आठ सेकंदांत पांघरुणाखालचा पट्टा सापडतसुद्धा नाही.

म्हणून मुलीला सांगा, दिवा बंद असला तरी बसल्या जागी पट्टा लावलेलाच ठेवायचा. पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर, एखादं बोट जाईल इतपत घट्ट. झोपताना पांघरूण आधी आणि पट्टा त्याच्यावर, म्हणजे बकल दिसतं आणि तपासायला येणाऱ्या कर्मचाऱ्यांना उठवावं लागत नाही. मांडीवर बाळ असेल तर त्याचा वेगळा छोटा पट्टा मागून घ्यायचा. तो आपल्या पट्ट्यात अडकवता येतो. नुसत्या हातांनी बाळ धरून राहत नाही.

प्रश्न : सुनेला आणि नातवाला घेऊन पुण्याला उतरत असताना, चाकं टेकायला थोडंच अंतर राहिलं असताना विमान एकदम गर्जना करत वर गेलं. वीस मिनिटांनी उतरलं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘थोडक्यात अनर्थ टळला’ असं होतं. पायलट आम्हाला काही सांगतही नव्हता. तक्रार करावी का? (एक आजी, मिरज)

आजी, घाबरणं साहजिक आहे, पण त्या वैमानिकानं अनर्थ जवळ येऊच दिला नाही. याला गो-अराउंड म्हणतात. पुढचं विमान धावपट्टीवरून बाजूला व्हायला उशीर झाला, वारा फिरला, पक्षी किंवा कुत्रं आडवं आलं, किंवा स्वतःच्या विमानाचा वेग-उंची ठरलेल्या मापात बसली नाही, की असंच करायचं असतं. ढगाळ हवेत जमिनीपासून एक हजार फुटांवर, स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर येईपर्यंत वेग, उतार, चाकं, फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवणारे पंखांच्या कडेचे पत्रे) सगळं जागच्या जागी असलं पाहिजे. नसेल तर परत वर जायचं. त्यानंतरही, अगदी धावपट्टीवरसुद्धा, शंका आली तर वर जाता येतं.

त्या वेळी वैमानिक पूर्ण जोर देतो, नाक वर घेतो, फ्लॅप एक टप्पा आत, विमान चढतंय याची खात्री झाली की चाकं आत. मग नियंत्रण कक्षाशी बोलणं, नवी उंची, नवी दिशा. प्रवाशांशी बोलायची पाळी सगळ्यांत शेवटी येते. ती चार-पाच मिनिटांची शांतता म्हणजे दोघंही कामात आहेत. इंधनाची काळजी करू नका. प्रवासाला लागणारं, वर काही टक्के जादा, दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरतं आणि त्यावर आणखी तीस मिनिटांचं, एवढं घेऊनच विमान निघतं.

उलट काय होतं ते पाहा. २२ मे २०१० ला मंगळुरूमध्ये विमान मापात बसलेलं नसताना कॅप्टननं उतरणं चालू ठेवलं. सहवैमानिकानं तीनदा ‘गो-अराउंड’ म्हटल्याचं चौकशीत नोंदलं गेलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडमध्ये पावसात तेच झालं. सहवैमानिकानं गो-अराउंड म्हटलं, विमान उतरवलंच गेलं, अर्धी धावपट्टी संपल्यावर चाकं टेकली. २१ माणसं गेली. गो-अराउंड केला तर ‘थोडक्यात वाचले’ असा मथळा मिळतो, आणि न केल्याची किंमत ही अशी. उद्याच्या पेपरात आपलं विमान येईल हा विचार कुठल्याही वैमानिकाच्या मनात त्या क्षणी येता कामा नये. म्हणून अशा मथळ्यांची चीड येते. तक्रारीऐवजी उतरताना वैमानिकाला दोन चांगले शब्द बोललात तर बरं होईल.

प्रश्न : तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेलं विमान अडीच तास आकाशात घिरट्या घालत होतं आणि सगळ्या वाहिन्यांवर थेट प्रक्षेपण चाललं होतं. बिघाड होता तर लगेच का उतरवलं नाही? (विद्यार्थी, सांगली)

११ ऑक्टोबर २०२४ ची ही घटना. हायड्रॉलिक यंत्रणेत, म्हणजे द्रवाच्या दाबानं विमानाचे भाग हलवणाऱ्या यंत्रणेत, बिघाड झाला होता. बोइंग ७३७-८०० उडताना कमाल सुमारे ७९ टनांचं असू शकतं, उतरताना मात्र सुमारे ६६ टनांचं. शारजापर्यंतचं इंधन भरलेलं विमान लगेच उतरवलं तर जड पडतं, वेग जास्त लागतो, ब्रेकवर ताण येतो. आणि हायड्रॉलिकचा बिघाड म्हणजे ब्रेक आणि फ्लॅपबद्दलच शंका. ७३७ आणि एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत हवेत इंधन सोडून द्यायची सोय नसते. ते जाळावंच लागतं, तासाला साधारण अडीच टन. विमानात आग असती तर वजन न बघता लगेच उतरवलं असतं. घिरट्या घालायला वेळ होता, यावरूनच परिस्थिती हाताबाहेर गेली नव्हती हे ओळखायला हवं होतं. विमान सुखरूप उतरलं. पण ते अडीच तास त्या प्रवाशांच्या घरची माणसं टीव्हीसमोर काय भोगत होती, याचा विचार प्रक्षेपण करणाऱ्यांनी करायला हवा होता.

प्रश्न : अहमदाबाद अपघाताचा प्राथमिक अहवाल आला तरी दोष कुणाचा हे सरकार सांगत नाही, आणि टीव्हीवर मात्र रोज वेगळा आरोपी. आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा? (निवृत्त शिक्षक, तासगाव)

गुरुजी, अहवालात काय आहे आणि काय नाही, हे वेगवेगळं मांडतो.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७८७ मध्ये २४२ माणसं होती. त्यांतला एकच वाचला. जमिनीवरची १९ धरून २६० जीव गेले. पहिल्या आठवड्यात पडद्यावर ठामपणे सांगितल्या गेलेल्या गोष्टी आठवा: फ्लॅप लावलेच नव्हते, पक्षी धडकले, विमान जास्त भरलं होतं, इंधनात भेसळ होती. महिन्यानं आलेल्या अहवालात फ्लॅपची दांडी ५ अंशांच्या खाचेत सापडल्याचं आहे. विमानाच्या मार्गात लक्षात येण्याजोगे पक्षी दिसले नाहीत. वजन २,१३,४०१ किलो होतं, मर्यादा २,१८,१८३. इंधनाचे नमुने समाधानकारक निघाले. चारही अंदाज पडले. ते ज्यांनी ठासून सांगितले होते त्यांनी दुरुस्ती तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दिल्याचं तुम्हाला आठवतं का?

अहवालातली मुख्य नोंद अशी: जमीन सोडल्यावर तीनच सेकंदांनी, वेग १८० नॉट (ताशी सुमारे ३३३ किलोमीटर) असताना, दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच ‘रन’वरून (चालू) ‘कटऑफ’वर (बंद) गेले, एकामागून एक, एका सेकंदाच्या अंतरानं. दहा सेकंदांनी पहिला आणि आणखी चार सेकंदांनी दुसरा परत ‘रन’वर आला. इंजिनं पुन्हा पेटायला लागली होती, पण उंचीच उरली नव्हती. जमीन सोडल्यापासून ३२ सेकंदांत नोंद थांबते. कॉकपिटमधल्या आवाजात एक वैमानिक दुसऱ्याला, तू बंद का केलंस, असं विचारतो आणि दुसरा, मी केलं नाही, असं म्हणतो.

कोण विचारतो आणि कोण उत्तर देतो, हे अहवालात नाही. स्विच कशामुळं हलले, हेही नाही. हे स्विच थ्रस्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या, दांड्यांच्या खाली असतात. प्रत्येक स्विच आधी वर उचलावा लागतो आणि मगच खाचेतून सरकतो, शिवाय दोन्ही बाजूंना कोपर लागू नये म्हणून आडोसा असतो. म्हणून कुणी तरी ते मुद्दाम हलवले असणार, असा निष्कर्ष काढायला लोक धावले. पण त्याच अहवालात डिसेंबर २०१८ च्या एका अमेरिकी सूचनेचा उल्लेख आहे. काही विमानांत या स्विचची कुलपासारखी खाच निकामी असू शकते, तपासून घ्या, अशी ती सूचना होती, सक्ती नव्हती. अपघातानंतर डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) तपासणीचा आदेश दिला आणि त्या कंपनीच्या इतर विमानांत दोष सापडला नाही. म्हणजे एक दोरा इकडं ओढतो, दुसरा तिकडं. अशा वेळी तपास करणारे थांबतात आणि वाहिनी थांबत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल तीस दिवसांत द्यायचा असतो आणि अंतिम अहवाल शक्यतो बारा महिन्यांत. तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोषी ठरवणं नव्हे. १७ जुलै २०२५ ला आपल्या तपास यंत्रणेला, निवडक आणि खात्री न केलेल्या बातम्या देऊ नका, असं जाहीर आवाहन करावं लागलं. दोन्ही वैमानिक स्वतःची बाजू सांगायला जिवंत नाहीत. त्यांच्या घरच्यांना उरलेलं आयुष्य त्याच गल्लीत काढायचं आहे. तुम्ही मुलांना ‘पुरावा काय?’ असं विचारायला शिकवलंत, गुरुजी. इथंही तोच प्रश्न लावा.

प्रश्न : कोल्हापूरहून हैदराबादला पंख्याचं विमान जातं. नेपाळमध्ये तसंच पडलं होतं म्हणे. त्यापेक्षा गाडीनं गेलेलं बरं का? (द्राक्ष बागायतदार, पलूस)

तुम्ही म्हणता ते पंख्याचं विमान म्हणजे एटीआर-७२. त्याचा पंखा फिरवणारं इंजिनही टर्बाइनचंच असतं. ते जुनं तंत्र नाही, कमी अंतराला आणि आखूड धावपट्टीला परवडणारं आहे. उंची वीस हजार फुटांच्या आसपास ठेवत असल्यामुळं पावसाळ्यात ढगांतून जावं लागतं आणि हादरे जास्त बसतात, एवढंच. १५ जानेवारी २०२३ ला पोखरामध्ये ७२ माणसं गेली. तिथं फ्लॅपऐवजी पंख्यांच्या दांड्या हलवल्या गेल्या, पाती हवेला आडवी राहिली नाहीत आणि जोरच संपला, असं अंतिम अहवाल सांगतो. राहिली गाडी. २०२४ मध्ये जगभर सुमारे ४ कोटी ६ लाख उड्डाणं झाली, त्यांत सात जीवघेणे अपघात झाले आणि विमानांतली २४४ माणसं गेली. २०२२ मध्ये एकट्या आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे रोज सुमारे ४६२. बिनधास्त विमानानं जा.

प्रश्न : तुमची उत्तरं वाचून असं वाटतं की तुम्ही कंपन्यांची बाजू घेताय. माध्यमांनी ओरड केली नाही तर कंपन्या सुधारतील का? (वकील, कराड)

ओरड हवीच. ती कशाबद्दल आणि कशाच्या आधारावर, एवढाच वाद आहे.

बोइंग ७३७ मॅक्सचं उदाहरण घ्या. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियात मिळून ३४६ माणसं गेली. एकाच संवेदकाच्या चुकीच्या मापावरून नाक खाली ढकलणारी यंत्रणा विमानात होती आणि पहिल्या अपघातापर्यंत तिचा उल्लेख वैमानिकांच्या पुस्तिकेतसुद्धा नव्हता. सिएटल टाइम्सनं अभियंत्यांशी बोलून, कागद मिळवून, सुरक्षा-तपासणी कुठं कच्ची राहिली ते छापलं. त्या कामाला २०२० चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. कंपनीला त्या कागदांना उत्तर द्यावं लागलं. किंकाळ्यांच्या व्हिडिओला कंपनी ‘प्रवाशांची सुरक्षा हेच आमचं प्राधान्य’ एवढं एक वाक्य पाठवते आणि सुटते.

आपल्याकडं अशी बातमी कुठं आहे ते सांगतो. वैमानिकांच्या थकव्याचे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून. आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीच्या वेळेत सहाऐवजी दोनच लँडिंग. डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला वैमानिक पुरेनात, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि तिला काही नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. पडद्यावर बॅगांचे ढीग दिसले. प्रवाशांचे हाल खरे होते, ते दाखवायलाच हवेत. पण पहाटे तीनला उतरणारा माणूस किती झोपलेला असावा, हा सुरक्षेचा प्रश्न त्या ढिगांखाली गेला. वकीलसाहेब, ओरडायचं असेल तर इथं ओरडावं.

प्रश्न : मी तालुक्याचा वार्ताहर आहे. आमच्या भागातले प्रवासी असलेल्या विमानाची बातमी करायची वेळ आली तर काय विचारावं आणि कोणते शब्द टाळावेत? (फलटण)

आधी हे विचारा की ‘इमर्जन्सी’ कुणी जाहीर केली. विमानतळानं केली असेल तर अग्निशमन गाड्या तयार ठेवल्या, एवढाच तिचा अर्थ होऊ शकतो. वैमानिकानं तीनदा ‘मेडे’ म्हटलं असेल तर जिवाला धोका आहे, तीनदा ‘पॅन-पॅन’ म्हटलं असेल तर घाई आहे पण तसा धोका नाही. काहीच म्हटलं नसेल तर ते खबरदारीचं उतरणं आहे आणि तसंच लिहावं. मग विमानाची जात, व्हीटीनं सुरू होणारा नोंदणी क्रमांक, बिघाड कळला तेव्हाची उंची, कुणी जखमी आहे का, आणि घटना कोणत्या वर्गात घातली गेली: अपघात, गंभीर घटना की साधी घटना. विमान पुन्हा सेवेत कधी आलं हेही दोन दिवसांनी विचारा. ते सहसा कुणी विचारत नाही.

‘स्टॉल’ म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंखाचा हवेशी कोन फार वाढून त्याची उचलण्याची ताकद जाणं, हा त्याचा अर्थ. ही चूक फार होते. ब्लॅक बॉक्स केशरी असतो. पावसाळ्यात एसीच्या फटींतून पांढरं धुकं येतं, ते ‘केबिनमध्ये धूर’ म्हणून छापू नका. दमट हवा थंड झाली की पाण्याचे कण दिसतात, वास येत नाही आणि ते लगेच विरतं. ‘सदोष विमान उडवलं’ लिहिण्यापूर्वी तो दोष कंपनीच्या मंजूर यादीत आहे का ते बघा. काही भाग बंद असताना ठरावीक दिवस उडायची परवानगी असते, वर्गानुसार तीन, दहा किंवा १२० दिवस. मुदत उलटून उडवलं असेल तर मात्र ती मोठी बातमी आहे, सोडू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ वापरण्याआधी त्यातली एक फ्रेम इंटरनेटवरच्या चित्रशोधात टाका. बरेच व्हिडिओ जुने किंवा संगणकावरच्या खेळातले निघतात.

प्रश्न : धडधडीत खोटी बातमी आली तर तक्रार कुठं करायची? (कोरेगाव)

वर्तमानपत्राची असेल तर आधी संपादकांना लेखी कळवा, पोच ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडं जा. दैनिक-साप्ताहिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांची मुदत असते. मूळ कात्रण, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार, आणि हे प्रकरण कोर्टात नाही असं लिहून द्यावं लागतं. वाहिनीची असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला सात दिवसांच्या आत लिहा, तारीख-वेळ आणि नेमकं वाक्य देऊन. ‘बातमी भडक होती’ असं लिहून काही होत नाही. ‘कोसळलं म्हटलं, नोंदीत असं आहे’, इतकं नेमकं लिहा.

प्रश्न : टोकियोला विमान जळून खाक झालं तरी सगळे ‘चमत्कारानं’ वाचले. असं खरंच घडतं? (वाई)

२ जानेवारी २०२४, हानेदा विमानतळ. उतरणारं एअरबस ए-३५० विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या लहान विमानातल्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला, ते या ‘चमत्कारा’त कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती आणि सगळी बाहेर आली. आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी होती. ध्वनिक्षेपक बंद पडला होता, कर्मचाऱ्यांनी कर्णा घेऊन आणि नुसत्या आवाजानं माणसं हलवली. बाहेर आग असलेलं दार त्यांनी उघडलं नाही. प्रवाशांनी बॅगा जागेवर सोडल्या. निम्मी दारं बंद धरून नव्वद सेकंदांत सगळे बाहेर येतात, हे दाखवल्याशिवाय अशा विमानाला परवानगीच मिळत नाही. पण ती चाचणी हातात बॅगा न घेता केलेली असते.

पुढच्या वेळी बसलात की आपल्या जागेपासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजा. धुरात दिसत नाही, तेव्हा खुर्च्यांच्या पाठींना हात लावत मोजूनच जावं लागतं. पाकीट, औषधं आणि चष्मा अंगावरच्या खिशात ठेवा, म्हणजे बॅगेसाठी हात वर जाणार नाही.